चालानातला यजमान

पूर ओसरला तसा बनारसच्या रामघाटाच्या पायऱ्यांवर गुडघाभर गाळ राहिला. पितृपक्ष लागून चार दिवस झाले तरी खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. पंप लावून गाळ परत नदीत ढकलायचं काम चाललं होतं आणि त्या घरघरीत गल्लीत बोललेलं धड ऐकू येत नव्हतं.

ढुंढिराज गुरुजी दारातल्या दगडी चौथऱ्यावर दर्भाची पवित्रकं वळत बसले होते. भिजवलेला दर्भ मांडीवर, वळलेल्या अंगठ्या तांब्याच्या ताम्हनात. दर्भाची पात नीट धरली नाही तर बोट कापते. त्यांची उजव्या हाताची दोन बोटं रोजच कापलेली असत. उन्हाने घाम येई, तो चिरांत उतरे आणि चुरचुरे. सकाळपासून शंभरेक अंगठ्या झाल्या होत्या. गेल्या पितृपक्षापासून त्यांच्याकडे एकही यजमान आला नव्हता, तरी हात थांबत नव्हते. देवव्रत, त्यांचा मुलगा, तयार पवित्रकं लाल दोऱ्यात बांधून घेऊन जाई. विश्वनाथ गल्लीतला एक दुकानदार ठेवून घेतो, असं तो सांगे.

"ढुंढिराज गणेश आरडे कौन हैं?"

गुरुजींनी वर पाहिलं. पोलिसातला शिपाई होता. गाळाने बूट भरलेले, हातात कागद.

"जी, मैं."

शिपायाने त्यांना शेंडीपासून अनवाणी पायांपर्यंत पाहिलं. "सिलेटी रंग की स्कूटी आपकी है?"

"मेरे नाम पर है."

"सात चालान हैं, बाबा. कोई जवाब नहीं, कोई जमा नहीं. शनिवार को कचहरी में लोक अदालत है, आ जाइए." त्याने कागद पुढे केला. "और हेलमेट लगाया करिए. इस उमर में तीन-तीन सवारी लेकर उड़िएगा तो कैसे चलेगा?"

समोरच्या दारात कॅन ठेवून उभा असलेला दूधवाला मोठ्याने हसला. "अरे, हमारे पंडितजी तो हीरो निकले!"

गुरुजीही हसले. अशा वेळी दुसरं काय करायचं हे त्यांना सत्तर वर्षांत कळलेलं नव्हतं. त्यांनी कागदावर सही केली. ओल्या बोटांनी कागद डागळला, तेव्हा शिपायाचीही माफी मागितली.

स्कूटर त्यांना चालवता येत नव्हती. घेतली तेव्हा देवव्रतचे कागद पुरे नव्हते म्हणून ती त्यांच्या नावावर झाली, एवढंच.

देवव्रत जेवायला आला तेव्हा त्यांनी कागद त्याच्यापुढे ठेवला. देवव्रतने तो उभ्यानेच वाचला.

"हां. मी सांगणारच होतो, बाबा. कॅमेरे लावलेत सगळीकडे. मलदहियाला, लहुराबीरला. एक सेकंद हेलमेट काढलं की फोटो."

"सात वेळा?"

"बाबा, बनारसमध्ये सात म्हणजे काही नाही." तो पाटावर बसला. लीलाबाईंनी त्याच्या ताटात भात वाढला, वर तूप. "एक करा फक्त. शनिवारी माझ्याबरोबर चला. विचारलं तर म्हणायचं, गाडी मी चालवत होतो. सही करायची. मिटलं."

"मी?"

"मालक तुम्हीच ना! मी चालवत होतो असं लिहिलं तर माझं लायसन्स सस्पेंड करतील. टूरवाल्यांची मोठी गाडी मिळायचीय मला पुढच्या महिन्यात. मालकाने आधीच सांगितलंय, लायसन्सवर डाग असेल तर येऊच नको."

गुरुजींनी वरणात भात कालवायला घेतला.

"अहो, एवढं तर करा त्याच्यासाठी," लीलाबाई म्हणाल्या. "घर त्याच्यावर चाललंय."

हे खरं होतं, आणि गुरुजींना ते रोज बोचत होतं. ते म्हणाले, "येईन."

त्यांच्याकडचे यजमान का तुटले, याचं कारण ते मनाशी जाणून होते. दोन वर्षांपूर्वी भूमचे काळदाते आले होते. चार पिढ्यांचं घर. बाप, आजा, पणजा सगळ्यांच्या सह्या गुरुजींच्या वहीत. त्या वहीची रीतच अशी, की घराण्यातल्या मृतांची नावं वर आणि यात्रेला आलेल्या जिवंत माणसांची खाली. श्राद्धाच्या वेळी पुरोहित वही मांडीवर घेतो आणि वरची नावं उच्चारून पिंड ठेववतो. त्या दिवशी ऊन डोळ्यावर येत होतं, चष्म्याला घाम लागला होता. चुलत्यांच्या नावांशी आल्यावर गुरुजींची नजर एक ओळ खाली घसरली. "नरहर" म्हणून पिंड ठेवला गेला. नरहर काळदाते तेव्हा तीन हातांवर धोतर सावरत बसलेले होते. गुरुजींचा आवाज मुळातच बारीक. कुणाच्या लक्षात आलं नाही. गुरुजींनाही पुढचं नाव घेतल्यावर कळलं. ते थांबले, घोटभर पाणी प्याले, मनातल्या मनात क्षमा मागितली आणि पुढे गेले.

ही गोष्ट त्यांनी फक्त लीलाबाईंना सांगितली होती. सांगताना रडले होते. "आता माझ्याकडून नको व्हायला," असंही म्हणाले होते. त्यानंतर यजमान येईनासे झाले, तेव्हा ती आपली शिक्षा आहे असं त्यांनी धरलं. देवव्रत म्हणे, "कोणी येत नाही आता, बाबा. लोक तिकडेच बसून ऑनलाइन करतात." ते त्यांना पटलं नव्हतं, पण मुलगा आपलं मन राखण्यासाठी बोलतो असं वाटून बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते गाडीचे कागद मेणकापडात गुंडाळून मधुराकडे गेले. मधुरा गल्लीतल्याच घरची सून. चौखंबा गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली तिने दुकान मांडलं होतं. एक संगणक, एक प्रिंटर, एक पंखा. लोकांचे फॉर्म भरून द्यायची.

"या ना काका. आधार का पेन्शन?"

"चालान." शब्द तोंडातून काढताना त्यांना लाज वाटली. "शनिवारी सही करायचीय. कशावर करतोय ते आधी वाचावं म्हटलं. उगीच, सवय आहे."

मधुरा हसली नाही. तिने गाडीचा नंबर घातला. "चेसिसचे शेवटचे आकडे बोला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचले. मग पडद्यावर वाकडीतिकडी अक्षरं आली.

"हे कोणी लिहिलंय असं?"

"माणूसच बसलाय की मशीन ते बघतात, काका. वाचा, माझे डोळे दुखतात याने."

जुन्या पोथ्यांची घसटलेली अक्षरं लावण्यात जन्म गेलेला. गुरुजींनी पहिल्या झटक्यात बरोबर सांगितली. "वा, मला तीनदा लागतं," मधुरा म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी येतं असं वाटलं.

यादी उघडली. सात ओळी.

"तीन अजून पोलिसांकडेच आहेत. चार कोर्टात गेलेत. त्यांचं रेकॉर्ड दुसऱ्या साइटवर असतं, थांबा." तिने दुसरं पान उघडलं, जिल्हा निवडला, पुन्हा नंबर घातला. सर्वर अडकला. तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. पुन्हा लावलं. "हे बघा. केस नंबर, तारीख, गुन्हा काय, कुठल्या कोर्टात. सगळ्यांपुढे प्रलंबित. लिहून घेता?"

गुरुजींनी खिशातून कागद काढला आणि केस नंबर एकाखाली एक, सुवाच्य, काना-मात्रा तपासल्यासारखे तपासून लिहिले.

"फोटोपण असतो. बघायचाय?"

"असू दे तो."

"बघून घ्या ना. कधीकधी दुसऱ्याच्या गाडीचं चालान आपल्यावर येतं. मागच्या महिन्यात एकाला ट्रॅक्टरचं आलं होतं."

तिने पहिला फोटो उघडला. लहुराबीरचा चौक. देवव्रत हेलमेटशिवाय. मागे दोन बायका, नऊवारी, डोक्यावर पदर, मधलीच्या मांडीवर बोचकं.

"तीन सवारी," मधुरा म्हणाली.

गुरुजी जवळ झुकले. नऊवारी नेसून बनारसच्या चौकात स्कूटरवर कोण बसेल? मधल्या बाईच्या हनुवटीवर गोंदण होतं. त्यांना ती हनुवटी माहीत होती. परांड्याच्या बाई. दर तीन वर्षांनी येत.

"पुढचा?"

पुढच्या फोटोत मागे एकच माणूस होता. पांढरी टोपी. डावा हात सरळ, काठीसारखा बाहेर काढलेला. मळणीयंत्रात गेल्यापासून तो हात कोपरात वाकत नव्हता. जेवताना शरद काळदाते तो हात असाच मांडीवर लांब ठेवून बसे आणि गुरुजी पत्रावळ थोडी उजवीकडे सरकवत. स्कूटरच्या पुढच्या हुकाला एक पुडकं लटकत होतं. लाल दोऱ्याची दुहेरी गाठ. तशी गाठ मारायला त्यांनीच शिकवलं होतं देवव्रतला.

"तारीख काय आहे?"

"फेब्रुवारी. अकरा तारीख, सकाळी आठ सत्तावीस."

माघ महिना. त्या दिवसांत त्यांना ताप होता. देवव्रत सकाळी औषध ठेवून गेला होता.

सातपैकी पाच फोटोंत मागे त्यांचेच यजमान होते. मधुरा एकेक उघडत गेली आणि गुरुजी तोंडातल्या तोंडात गावं म्हणत गेले. परांडा. भूम. करमाळा. पुन्हा परांडा. एका फोटोतला म्हातारा त्यांना ओळखू आला नाही, पण त्याच्या शेजारच्या पिशवीवर बार्शीच्या कापडदुकानाचं नाव होतं.

"काका, पाणी देऊ?"

"नको. किती झाले तुझे?"

"कशाचे? काहीतरीच काय!" मग ती हळूच म्हणाली, "मुंशी घाटाकडे पाठक पंडितांचं ऑफिस आहे ना नवीन, तिथे सोडतो देवव्रत लोकांना. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

घरी आल्यावर त्यांनी कपाटातली वही काढली. काळदात्यांच्या पानाच्या कडेला शरदचा मोबाइल नंबर होता. तो लावायला त्यांना एक पूर्ण दिवस लागला. काय बोलायचं हे त्यांनी दहा प्रकारे ठरवलं. शुक्रवारी दुपारी लीलाबाई भाजी आणायला गेल्या तेव्हा त्यांनी नंबर दाबला.

"कोण? ढुंढिराज महाराज?" शरदचा आवाज फाटल्यासारखा आला. मागे आगगाडीचा खडखडाट होता. "तुम्ही बोलताय? तब्येत बरी हाय का?"

"बरी आहे. तुम्ही कसे आहात?"

"आम्ही गाडीतच हाओत, म्हाराज. इटारसी गेलं आत्ताच, गाडी लई उशिरानं चाललीय. उद्या दुपारी पोचतो. देवव्रतभय्या येणारेत स्टेशनावर."

"कशासाठी येताय?"



"काकांसाठी. शांत करायचीय ना ती. भय्यानी सांगितलं नाही तुम्हाला?"

"मला नीट आठवत नाही," गुरुजी म्हणाले. हे वाक्य आपण का वापरलं त्यांना कळलं नाही.

"हां, भय्या म्हणले तसं. विसरायला होतं तुम्हाला. म्हणूनच दुसरीकडं करा म्हणले. माघात आलो तवा म्हणलं, आपल्याच महाराजांकडं बसतो. तर भय्या म्हणले, बाबांच्या हातून मागल्या बारीला नरहरकाकांचा पिंड पडलाय, जित्या माणसाचा. मी म्हणलं, असंल, म्हातारं माणूस. पर घरी गेल्यावर माझ्याच तोंडून काकांच्या कानावर गेलं बघा." शरदने आवाज खाली आणला. "तवापासनं काका पंगतीला बसंना झालेत. ताटात न्हाई, येगळ्या पत्रावळीवर खातेत, गोठ्यात. नातवंडाला हात लावत न्हाईत. म्हणतेत, माझं झालंय. शेतात जायचं सोडलंय. ढोरं दुसऱ्याला दिली. मग भय्याच म्हणले, पाठक पंडित मोठी शांत करतेत, घिऊन या."

"ते आहेत का तिथे?"

"हाइत. खिडकीशी बसलेत. बोलत न्हाईत कुणाशी. देऊ का?"

"नको. शरदराव, मी फोन केला होता हे देवव्रतला सांगू नका."

लीलाबाई आल्या तेव्हा ते तसेच बसले होते. वही मांडीवर उघडी.

"नरहररावांची गोष्ट तू त्याला सांगितलीस?"

लीलाबाईंनी पिशवीतल्या तोंडल्यांना हात घातला आणि तसाच ठेवला. कुठली गोष्ट, कुणाला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"मी त्याला एवढंच म्हटलं की बाबा मनातून खचलेत, त्यांच्याशी नीट बोल. कारण विचारलं म्हणून सांगितलं. मला काय माहीत तो गिऱ्हाइकांना सांगेल?"

"यजमान म्हण."

"म्हणते यजमान."

"ते येतात, हे माहीत होतं तुला?"

लीलाबाईंनी पिशवी भिंतीशी सरकवली. मग एकदम चिडून म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात, आता माझ्याकडून नको! तुमच्याकडे तीन-तीन तास लागतात. माणसं उन्हात पोळून निघतात. पाठकांकडे थंड हॉल आहे, तासाभरात मोकळे करतात. आलेलं माणूस दुसरीकडे जाणार ते जाणारच. मग आपल्याच मुलाने नेलं तर काय बिघडलं? घरात पीठ कुठून येतं वाटतं तुम्हाला?"

"मी रोज पवित्रकं वळत होतो, लीला."

"मग ती वाया थोडीच जात होती!" त्या म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर तोंडाला पदर लावून आत गेल्या.

शनिवारी कचहरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडव घातला होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलांवर फायलींचे गठ्ठे, वर पंखे गरम हवा ढवळत होते. काळ्या कोटातले वकील घामाने चकाकत होते. देवव्रतने टोकन आणलं. तो सारखा घड्याळ बघत होता. गुरुजींनी धुतलेलं धोतर, वर बंडी, खांद्यावर उपरणं घेतलं होतं. खिशात मधुराकडून लिहून आणलेले केस नंबर होते. देवव्रतला त्यांनी काही बोलून दाखवलं नव्हतं. दोन दिवस वाक्यं जुळवली होती आणि तो समोर आला की ती विस्कटत होती. त्याच्या मानेवर लहानपणीची भाजल्याची खूण होती. गुरुजींची नजर तिच्यावरच जाई.

"बाबा, घाबरू नका. म्हणायचं, हां साहब, हमसे ग़लती हुई."

"हं."

दोन तासांनी नंबर लागला. टेबलामागे न्यायाधीश बाई होत्या, शेजारी पेशकार, म्हणजे कोर्टाचा कारकून. पेशकाराने संगणकाचा पडदा फिरवला.

"ढुंढिराज आरडे. गाड़ी आप चला रहे थे?"

"केस नंबर सांगू का?" गुरुजी मराठीत म्हणाले, मग हिंदीत सांगितलं. खिशातला कागद काढला. पेशकाराने तो घेतला, पडद्याशी ताडून पाहिला आणि भुवया उंचावल्या. "वाह. वकील भी ऐसे नहीं लाते. पर बात बताइए, चला कौन रहा था?"

देवव्रतने मागून उपरण्याला किंचित ओढ दिली.

गुरुजींनी शब्द दिला होता. "मैं," ते म्हणाले.

"ज़ोर से बोलिए, बाबा."

"मैं चला रहा था."

पेशकाराने फोटो मोठा केला. लहुराबीर, देवव्रत, उघडं डोकं. त्याने फोटोकडे पाहिलं, मग गुरुजींच्या पांढऱ्या शेंडीकडे. "बाबा, फोटो में तो बाल एकदम काले हैं. कौन सा तेल लगाते हैं, हमको भी बताइए."

मागच्या रांगेतली माणसं हसली. एक वकील पडदा बघायला मुद्दाम पुढे आला आणि त्याने आणखी कुणाला तरी बोलावलं. न्यायाधीश बाईंनीही ओठ दाबले. गुरुजींचे कान तापले. बोटांच्या चिरांत घाम उतरून चुरचुरायला लागला. सगळे फोटो एकामागून एक पडद्यावर गेले. परांड्याच्या बाई गेल्या, शरदचा ताठ हात गेला. कोणीही मागच्या माणसांकडे पाहत नव्हतं. सगळ्यांना काळ्या केसांचीच मजा वाटत होती.

"चलिए," बाई म्हणाल्या. "मालिक ने मान लिया. सातों एक साथ निपटाइए. बाबा, आगे से झूठ मत बोलिएगा, आपको आता नहीं."

सही झाली. देवव्रतने खिडकीवर भरणा केला, पावत्या खिशात कोंबल्या आणि मांडवाबाहेर आल्याबरोबर वडिलांच्या पाया पडला. भर गर्दीत. "बाबा, तुम्ही वाचवलंत मला. तुम्हाला ऑटोत बसवून देतो, मला जरा स्टेशनला जायचंय."

"मीही येतो."

"कशाला? ऊन किती आहे! टूरवाल्यांचं काम आहे."

"नरहर काळदाते येताहेत."

देवव्रतचा हात किल्लीवर तसाच राहिला. गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांना, खरं तर, त्याची दया आली. देवव्रतने काहीतरी बोलायला सुरुवात केली. "बाबा, ते असं झालं…"

"हेलमेट घाल," गुरुजी म्हणाले. ते आयुष्यात तिसऱ्यांदा स्कूटरवर बसले. वाटेत चौकाचौकांत कॅमेरे खांबांवरून खाली पाहत होते.

गाडी आली होती. स्टेशनाबाहेर, ऑटोंच्या रांगेपलीकडे, शरद सामानाशी उभा होता, डावा हात लांब धरून. पिशव्यांपासून दोन हात दूर, एकट्यानेच, नरहर काळदाते उकिडवे बसले होते. गुरुजींना तो माणूस धिप्पाड आठवत होता. आता खांद्यांची हाडं सदऱ्यातून वर आली होती, दाढी वाढली होती. एक पोरगी भीक मागत जवळ आली तर त्यांनी अंग चोरलं, तिला आपला स्पर्श होऊ नये म्हणून.

"म्हाराज!" शरद पुढे आला, मग देवव्रतकडे पाहून घोटाळला.

गुरुजी सरळ नरहररावांपुढे गेले आणि धुळीत खाली बसले. बसताना गुडघा कळवळला. नरहररावांनी वर पाहिलं आणि हात जोडले, पण पायांना शिवले नाहीत.

"लांबच बसा, म्हाराज. सोवळं असंल तुमचं."

"नाही. काही नाही सोवळं."

"एक सांगा." म्हाताऱ्याने जोडलेले हात सोडले नाहीत. "माझा पिंड पाडलात नव्हं तुम्ही? रागं भरत न्हाई मी. निस्तं सांगा. पिंड खाल्ल्याला माणूस मी. आता मी कुणाच्या पंगतीला बसू? घरात गेलो की वाटतं, ही माझी सावली हिंडतीय."

देवव्रत चार पावलांवर उभा होता. हेलमेट काढून काखेत धरलेलं. त्याला सगळं ऐकू जात होतं.

शास्त्र काय म्हणतं ते गुरुजींना पाठ होतं. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करून घेणारे लोक होते, पुढे वीस वर्षं जगलेले. अनवधानाने झालेल्या उच्चाराला काय प्रायश्चित्त, ते कुणी करायचं, तेही त्यांना माहीत होतं. ते करायचं पुरोहिताने, यजमानाने नव्हे. हे सगळं नीट समजावून सांगायचं असंच ते ठरवून आले होते. पण समोरचा माणूस समजावण्याच्या पलीकडे गेला होता. तो फक्त एका शब्दाची वाट पाहत होता.

"नाही," ढुंढिराज गुरुजी म्हणाले.

"काय न्हाई?"

"तुमचं नाव मी घेतलेलं नाही. कधीच नाही." आवाज बारीक निघाला, म्हणून त्यांनी खाकरून पुन्हा म्हटलं. आता तो देवव्रतपर्यंत, शरदपर्यंत, ऑटोवाल्यांपर्यंत गेला. "माझ्या मुलाने खोटं सांगितलं तुम्हाला. माझे यजमान दुसरीकडे न्यायचे होते, म्हणून."

शरदची मान गर्रकन देवव्रतकडे वळली. देवव्रतचं तोंड उघडलं. खरं काय आहे ते त्याला माहीत होतं. आईने सांगितलं होतं, बाप कसा रडला होता त्यासकट. तो म्हणू शकत होता. गुरुजींनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि नजर काढली नाही. देवव्रतने तोंड मिटलं.

"भय्या?" शरद म्हणाला. "आरं, हे खरं हाय का? माझ्या चुलत्याला सात महिनं गोठ्यात बसवलंस?"

देवव्रतने काखेतलं हेलमेट हुकाला अडकवलं. मग त्याने स्कूटर वळवली. हेलमेट न घालताच तो गर्दीत शिरला आणि दिसेनासा झाला.

नरहरराव अजून गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. शेतकऱ्याने आभाळाकडे बघावं तसं, नीट, घाई न करता. गुरुजींनी ते बघणं सहन केलं.

"शपथ घ्या, म्हाराज," ते म्हणाले.

समोर नदी नव्हती, देव नव्हता. ऑटोंचा धूर होता आणि केळ्यांच्या साली. गुरुजींनी नरहररावांचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ."

तो हात डोक्यावर बराच वेळ राहिला. जड, खरबरीत. मग नरहररावांनी तो काढून पुतण्यापुढे धरला. "उठव मला. आन त्या गाड्यावर च्या सांग तिघांना." दोन पावलं गेल्यावर ते थांबले. "एकाच किटलीतला सांग."

ते दोघं चहाच्या गाड्याकडे गेले. गुरुजींना उठता येईना. गुडघा आखडला होता. ते धुळीत हात टेकून बसून राहिले आणि शरद तिघांचे पेले सांभाळत, ताठ हाताने गर्दी दूर सारत, परत येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.